कामगार कामावर घेताना मालकाने काय तपासावे : बेळगाव सीमाभागातील उद्योजकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्र्या व मशीन शॉप, शहापूर-वडगावचे यंत्रमाग, निपाणीच्या तंबाखू वखारी, खानापूर तालुक्यातील वीटभट्ट्या आणि जिल्हाभर पसरलेले साखर कारखाने यांना माणसे लागतात, आणि ती माणसे कर्नाटकातून येतात तशीच चंदगड-गडहिंग्लजहून, बीडहून, बिहार-बंगालहून आणि नेपाळहूनही येतात. त्यांना कामावर घेताना नेमके काय तपासायचे, हा प्रश्न मला लहान कारखानदार सतत विचारतात. एका फौंड्रीत मी बरीच वर्षे हजेरी आणि पगाराचे काम पाहिले. त्या अनुभवाच्या आधारे ही उत्तरे लिहिली आहेत.

कामगाराचा काम करण्याचा कायदेशीर हक्क तपासायचा, म्हणजे काय तपासायचे?

काही देशांत प्रत्येक मालकाला प्रत्येक नव्या कामगाराचा काम करण्याचा परवाना पाहून ठरावीक फॉर्म भरावा लागतो. आपल्याकडे तशी एकच कागदाची पद्धत नाही. भारतीय नागरिकाला नोकरी करण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज नसते, आणि तो नागरिक आहे हे सिद्ध करणारे एकच सर्वमान्य कार्डही अस्तित्वात नाही. म्हणून मालकाची जबाबदारी वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहे. कामगाराचे वय त्या कामाला पुरेसे आहे का, तो परदेशी असल्यास त्याला येथे नोकरी करण्याची मुभा आहे का, कामाला परवाना लागत असल्यास तो त्याच्याजवळ आहे का, आणि तो स्वतःच्या मर्जीने आला आहे का, एवढ्या गोष्टी मालकाने पाहायच्या असतात. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. माझ्या मते सुरुवात तिच्यापासूनच व्हायला हवी, कारण कर्जापोटी बांधला गेलेला माणूस सगळी कागदपत्रे बिनचूक घेऊन आला तरी त्याला कामावर ठेवणे बेकायदाच ठरते.

महाराष्ट्रातून किंवा उत्तर भारतातून आलेल्या कामगाराला कर्नाटकात काम करण्यासाठी परवानगी लागते का?

लागत नाही. देशात कोठेही फिरण्याचा, राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. शिनोळीचा माणूस रोज सकाळी हद्द ओलांडून बेळगावात कामाला येतो आणि बेळगावचा माणूस त्याच रस्त्याने शिनोळीच्या कारखान्यात जातो. दोघांनाही कोणी अडवू शकत नाही.

खासगी उद्योगांत स्थानिकांना ५० ते ७० टक्के जागा राखून ठेवणारे विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळाने जुलै २०२४ मध्ये मंजूर केले होते, परंतु काही दिवसांतच ते थांबवण्यात आले. हरियाणाचा ७५ टक्के आरक्षणाचा अशाच स्वरूपाचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे 'अमुक राज्याचा रहिवासी दाखला आणल्याशिवाय गेटच्या आत घेणार नाही' असा नियम एखाद्या कारखान्याने स्वतःहून लावला, तर त्याला या कायद्यांत कोठेही आधार नाही.

आधार कार्डाची झेरॉक्स घेतली की काम झाले, असे समजावे का?

नाही. सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

आधार ही ओळख आहे. ते नागरिकत्वाचा किंवा रहिवासाचा पुरावा ठरत नाही, असे २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलेले आहे. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकते. म्हणजेच केवळ आधार पाहून एखाद्याला भारतीय ठरवता येत नाही, आणि आधार नाही एवढ्यावरून त्याला परकाही ठरवता येत नाही.

वयाच्या बाबतीतही हीच गोष्ट आहे. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळले, आणि आधारवरील जन्मतारीख हा वयाचा पुरावा मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले. जन्माचा दाखला हाताशी नसताना नोंदवलेल्या अनेक कार्डांवर '१ जानेवारी' ही तारीख किंवा नुसते साल दिसते. एकाच टोळीतील पाच-सहा जणांचा वाढदिवस १ जानेवारीला येत असेल, तर मालकाने तिथेच थांबून दुसरा कागद मागावा.

आधारची सक्ती करता येते का, असेही विचारले जाते. खासगी कंपन्यांनी आधारची सक्ती करण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने बंद झाला. मात्र पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांच्या नोंदणीसाठी आधार जोडणे कायद्यानेच आवश्यक आहे, त्यामुळे त्या कामापुरते ते मागता येते. इतर ठिकाणी मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी काहीही चालायला हवे.

मग वय कशावरून ठरवायचे?

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम दिलेला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत अथवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. हे कलम बाल कल्याण समिती आणि बाल न्याय मंडळासाठी असले, तरी मालकाने तोच क्रम पाळावा असे मी आवर्जून सांगतो, कारण उद्या प्रकरण उभे राहिले तर त्याच क्रमाने तपासणी होणार असते.

आमच्या फौंड्रीत घडलेली एक गोष्ट सांगतो. ठेकेदाराने एक मुलगा आणला. आधारवर १ जानेवारी आणि हिशेबाने अठरा वर्षे पूर्ण. त्याच्या पायात वडिलांचे बूट होते, आणि ते पायातून निसटू नयेत म्हणून त्याने पुढच्या भागात कापडाचे बोळे कोंबले होते. हे मी पाहिले, तरीही हजेरीपटावर नाव लिहिले. नऊ दिवसांनी पीएफच्या फॉर्मसाठी शाळेचा दाखला मागवला, तेव्हा तो सोळा वर्षांचा निघाला. त्या नऊ दिवसांत तो साचे फोडण्याच्या कामावर, तापलेल्या वाळूत उभा होता. त्याला काही इजा झाली नाही हे आमचे नशीब, पण जबाबदारी माझी होती, आणि आधी दाखला व मग हजेरी हा क्रम मी त्यानंतर कधीही मोडला नाही.

चौदा ते अठरा वयाच्या मुलांना कोणत्याच कामावर घेता येत नाही का?

चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. हॉटेल, गॅरेज, दुकान, घरकाम हे सर्व त्यात आले. स्वतःच्या घरच्या शेतात किंवा कुटुंबाच्या बिनधोक व्यवसायात, शाळा सांभाळून केलेली मदत आणि ठरावीक अटींवर बालकलाकार म्हणून केलेले काम एवढेच अपवाद आहेत. निपाणी भागात बायका घरी पाने व तंबाखू आणून विड्या वळतात. तिथे विड्यांचा आकडा एका बाईच्या हाताने होईल त्याहून सतत जास्त येत असेल, तर माल देणाऱ्याने त्याकडे डोळेझाक करू नये.

चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना धोकादायक नसलेल्या कामावर घेता येते, पण दिवसाला विश्रांतीसह सहा तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांनंतर एक तासाची विश्रांती, संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही आणि ओव्हरटाइमही नाही. त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी लागते. फौंड्री मात्र कायद्यातील धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे, त्यामुळे तिथे अठराच्या आतील कोणीही चालत नाही. चौदाच्या आतील मूल कामावर किंवा किशोर धोकादायक कामावर ठेवल्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद, २० ते ५० हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

माणसे मुकादमाने किंवा ठेकेदाराने आणली असतील, तर तपासणीची जबाबदारी त्याची नाही का?

त्याची आहेच, पण तेवढ्याने मूळ मालक सुटत नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांतही कायम आहे. अल्पवयीन मुलगा तुमच्या शेडमध्ये सापडला, तर 'तो ठेकेदाराचा माणूस आहे' हे सांगून भागत नाही.

परराज्यातील कामगारांसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा होता. तो ठेकेदारामार्फत आलेल्यांनाच लागू होता, आणि पाच कामगारांपासून पुढे. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्वतःहून आलेला कामगारही स्थलांतरित धरला आहे, मात्र संबंधित तरतुदी दहा किंवा अधिक असे कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होतात आणि मासिक वेतनाची मर्यादा १८,००० रुपयांची आहे. अशा कामगाराला वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचे भाडे द्यावे लागते. व्याख्येत अंतराची अट नाही, राज्य बदलले की झाले. म्हणून चंदगड तालुक्यातील कामगारांची नोंद करतानाही मूळ राज्याचा रकाना रिकामा ठेवू नये.

ऊसतोडणीच्या टोळ्यांना दिलेली उचल कायदेशीर आहे का?

आगाऊ रक्कम देणे हा गुन्हा नाही. त्या रकमेपोटी माणसाला दुसरीकडे जाण्यास मज्जाव करणे, किमान वेतनापेक्षा कमी दराने राबवणे किंवा एकाची उचल फिटेपर्यंत त्याच्या बायको-मुलांना अडकवून ठेवणे हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली येते. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि असे कर्ज कायद्याने रद्दच झालेले असते. उचल 'कोयत्या'वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर दिली जाते. बाईच्या हातात त्यातले काही पडत नाही आणि बऱ्याचदा तिची सहीसुद्धा कुठे नसते. कारखान्याच्या शेती विभागाने दोघांची नावे, दोघांची वये आणि दोघांची संमती स्वतंत्रपणे नोंदवावी, एवढी अपेक्षा मुळीच जास्त नाही. फडावर सोबत आलेली मुले मोळ्या वाहताना दिसली, तर ती 'आईबापांना मदत करतात' हे उत्तर चालत नाही, कारण तो फड त्यांच्या घरचा नाही.

कामगाराची मूळ कागदपत्रे ऑफिसात ठेवून घेता येतात का?

कधीच नाही. मूळ कागद पाहावा, झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' असे लिहून तारीख व सही करावी आणि कागद त्याच्या हाती परत द्यावा.

वॉचमन किंवा आचारी म्हणून नेपाळी माणूस ठेवायचा असल्यास काय पाहावे?

१९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार नेपाळी नागरिक येथे व्हिसाशिवाय राहू शकतात आणि नोकरीही करू शकतात. नेपाळी पासपोर्ट, नागरिकतेचे प्रमाणपत्र किंवा नेपाळच्या निवडणूक आयोगाचे ओळखपत्र पाहून त्याची नोंद ठेवावी. त्याला किमान वेतन, ईएसआय आणि सुट्ट्या इतरांसारख्याच लागू होतात. महिना ठरावीक रक्कम आणि जिन्याखाली झोपायला जागा, एवढ्यावर चोवीस तास राबवणे हे आपल्याकडे इतके सर्रास चालते की त्यात काही गैर आहे असेच कोणाला वाटत नाही.

इतर देशांतील नागरिकांचे काय?

एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो. त्यासाठी वार्षिक पगार साधारणपणे १६.२५ लाख रुपयांपेक्षा जास्त असावा लागतो, आणि ज्या कामासाठी भारतीय माणसे सहज मिळतात अशा कामासाठी तो दिला जात नाही. म्हणजे खास कौशल्य असलेला परदेशी तंत्रज्ञ या चौकटीत बसतो, हेल्पर बसत नाही. बहुतेक वेळा व्हिसा एका विशिष्ट मालकापुरता असतो, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या व्हिशावर आलेल्या माणसाला तुमच्या हजेरीपटावर घेता येत नाही. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिशावर आल्यास १४ दिवसांच्या आत परदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते.

बेळगावात शिकणारे परदेशी विद्यार्थी स्टुडंट व्हिशावर असतात आणि त्यावर नोकरी करता येत नाही, अर्धवेळसुद्धा. ओसीआय कार्डधारकांना (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना) खासगी नोकरीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, मात्र पत्रकारितेसारख्या काही कामांना परवानगी घ्यावी लागते. मुंडगोडच्या वसाहतीतील तिबेटी लोकांजवळ नोंदणी प्रमाणपत्र असते, त्याची मुदत पाहावी. मात्र त्यांपैकी २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले जन्मानेच भारतीय नागरिक आहेत, हेही लक्षात ठेवावे.

परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा, २०२५ लागू आहे. त्यानुसार वैध पासपोर्ट किंवा व्हिशाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, आणि मुदत उलटून राहिल्यास किंवा व्हिशाच्या अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड अशा शिक्षा आहेत. दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात.

बंगाली बोलणारे कारागीर आले की लोक 'बांगलादेशी असतील' म्हणतात. मालकाने काय करावे?

इतरांकडून जे कागद मागता तेच मागावेत, ना एक जास्त ना एक कमी. बंगाली ही पश्चिम बंगालची भाषा आहे, आणि त्रिपुरात व आसामच्या बराक खोऱ्यातही ती कोट्यवधी नाही तरी लाखो भारतीयांची मायबोली आहे. उच्चारावरून नागरिकत्व ठरत नाही. आपण सीमाभागातील मराठी माणसांनी तरी हे समजून घ्यायला हवे, कारण तोंडून निघालेल्या पहिल्या शब्दावरून 'तुम्ही इथले का तिथले' हे ऐकण्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे.

कागद खोटा असल्याचा खरोखर संशय आला, उदाहरणार्थ एकाच मतदार ओळखपत्राचा क्रमांक दोघांच्या प्रतींवर दिसला, तर शहरात पोलीस आयुक्तालयाला आणि बाकी जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयाला लेखी कळवावे. नागरिकत्वाचा निर्णय करणे हे मालकाचे काम नाही, आणि जमावाचे तर नाहीच.

कर्नाटकच्या आणि महाराष्ट्राच्या कागदांवर एकाच माणसाचे नाव वेगळे असते. ते संशयास्पद मानावे का?

आपल्या भागात हे रोजचेच आहे. महाराष्ट्रातील शाळेच्या दाखल्यावर 'पाटील संतोष परशराम' असे आडनाव आधी येते. तोच माणूस लग्नानंतर किंवा कामासाठी बेळगावात स्थायिक झाला, की इकडच्या कागदावर 'संतोष पी' एवढेच उरते, कारण इकडे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याची पद्धत आहे. मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत आणि पुन्हा मराठीत जाताना 'परशराम'चे 'परशुराम' होते आणि 'ळ'च्या जागी इंग्रजीत कधी एक अक्षर, कधी दोन. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरचे नाव आणि आधारवरचे नाव अशी तीन नावे निघतात.

यात फसवणूक नसते, पण पीएफचे केवायसी अडकते आणि दहा वर्षांनी पैसे काढताना बिचारा हेलपाटे घालतो. म्हणून कामावर घेतानाच वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि फोटो तीन कागदांवर जुळवून पाहावेत. ते जुळत असतील तर नावातील फरकाबद्दल त्याच्याकडून एक साधे प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि आधारवरील नाव दुरुस्त करून घेण्यासाठी त्याला अर्ध्या दिवसाची पगारी रजा द्यावी. ती रजा मालकाला परवडते.

नेमणूकपत्र कोणत्या भाषेत द्यावे?

नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ते कामगाराला वाचता येईल अशा भाषेत असावे. खानापूरच्या मराठी शाळेत शिकलेल्याला फक्त इंग्रजी पत्रावर सही करायला लावणे, किंवा कन्नड शिकलेल्याला मराठी पत्र देणे, दोन्ही सारखेच चुकीचे आहे. एकाच कागदावर दोन भाषांत मजकूर छापला तर खर्च काहीच वाढत नाही. वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवावे आणि वाचून दाखवणाऱ्याची सही घ्यावी.

पोलीस पडताळणी सर्वांचीच करावी लागते का?

सर्वांची सक्ती नाही. खासगी सुरक्षा एजन्सीच्या रक्षकांची मात्र २००५ च्या कायद्यानुसार चारित्र्य पडताळणी आवश्यक आहे आणि त्यांचे वय १८ ते ६५ असावे लागते. जड मालट्रकच्या चालकाजवळ व्यावसायिक वाहनाचा परवाना हवा, जो वयाच्या विसाव्या वर्षाआधी मिळत नाही. विनापरवाना माणसाच्या हाती गाडी दिल्यास मालकावरही कारवाई होते. बॉयलर चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र आणि वायरमनचा परवाना हेही याच प्रकारात येतात.

घेतलेल्या झेरॉक्स किती दिवस आणि कशा ठेवाव्यात?

कामापुरत्या आणि कुलपात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड' आधार घ्यावे. सुपरवायझरने कामगारांच्या आधारचे फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकण्याची पद्धत आजच बंद करावी. एखाद्याच्या नावावर दुसऱ्यानेच सिमकार्ड किंवा कर्ज काढले, तर ते निस्तरायला तो कामगार कोणाच्या दारात जाणार?

कामावर घेतल्यानंतर कागद अपुरे किंवा चुकीचे निघाले, तर काय करावे?

वय कमी निघाल्यास त्याच क्षणी काम थांबवावे, पालकांना बोलवावे आणि चौदाच्या आतील मूल असेल तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर किंवा कामगार खात्याला कळवावे. गुपचूप बसमध्ये बसवून गावी पाठवणे हा उपाय नाही, कारण ते मूल आठवड्याभरात दुसऱ्या शेडमध्ये उभे असते. सज्ञान कामगाराचा कागद अपुरा असल्यास त्याला लेखी मुदत द्यावी. गावाकडून दाखला यायला पंधरा दिवस सहज लागतात.

कोणत्याही कारणाने काम थांबवावे लागले, तरी झालेल्या दिवसांचा पगार बुडवता येत नाही. कामावरून कमी केलेल्याचा किंवा स्वतः सोडून जाणाऱ्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावा, असे वेतन संहिता सांगते. आमच्या त्या मुलाला नऊ दिवसांचा पगार त्याच्या वडिलांसमोर दिला, हजेरीपटावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि त्याच पानावर शाळेच्या दाखल्याची प्रत टाचून ठेवली.